आग्रहाचा मांडा

मला कुणी आग्रह करून वाढायला लागलं की मी सरळ ताटावरून उठतो. लग्नकार्यात यजमान ओशाळतात, पंगतीतली माणसं एकमेकांकडे बघतात, आणि माझी सून हळूच जाऊन सांगते, "राहू द्या, त्यांना आग्रह चालत नाही." म्हातारा तिरसट आहे, अन्नाचा अपमान करतो, असं माझ्या माघारी बोललं जातं. दोघातिघांनी तोंडावरही ऐकवलंय. ऐकवू देत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी धुळ्याला मी एकदा पोटभर जेवलो होतो, त्या जेवणाची ढेकर मला अजून कडू येते. मुलं विचारतात, "नाना, तुम्ही चांगले पोहायचे म्हणे, मग सोडलं का?" मी सांगतो, कंटाळा आला. आता लिहायलाच बसलोय तर खोटं कशाला लिहू?

मी तेव्हा जळगावला अक्काकडे राहत होतो. अक्का म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. मी रांगत होतो तेव्हा आई गेली, आणि तेव्हापासून मला न्हाऊमाखू घालणारी, मारणारी आणि मारून झाल्यावर जवळ घेणारी ती एकटीच. ती लग्न होऊन गेली तेव्हा मी वेशीपर्यंत बैलगाडीमागे धावलो होतो म्हणे. पुढे मॅट्रिक झालो आणि कॉलेजला म्हणून तिच्याच दारात येऊन पडलो. तिचे यजमान, आमचे दाजी, कापसाच्या अडतीत भागीदार होते आणि त्यांचं घर सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या भिंतीला लागून होतं. हंगाम सुरू झाला की कापूस घरात शिरायचा. देवांवर, दुधाच्या झाकणावर, वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या-पापडांवर, अक्काच्या भुवयांवर, सगळीकडे पांढरे तंतू. अंथरुणाला सरकीचा वास यायचा. पहाटे भोंगा वाजला की अक्का उठायची आणि चुलीपुढे बसून कळण्याच्या भाकरी थापायची. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या त्या पिठाची भाकरी, वर मिरचीचा ठेचा आणि ठेच्यावर कच्चं तेल. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत. असं जेवण मला नंतर कुठेच मिळालं नाही, आणि माझ्या स्वभावाला हे कबूल करणं जड जातं.

दाजी कधी आवाज चढवून बोलले नाहीत. हे मी त्यांच्या कौतुकाने सांगत नाही. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. दाजी बडीशेप चघळत, डोळे अर्धे मिटून, साखरेत घोळवून बोलायचे. "बापूराव, आपल्याला काय, तुमचं भलं व्हावं एवढंच." मला घरात सगळे बापू म्हणत, राव एकटे दाजी लावायचे. अक्काला मूलबाळ नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती, आणि त्यावरून दाजी तिला कधी एक शब्दही वावगा बोलल्याचं मी ऐकलं नाही. ते फक्त जेवता जेवता सहज सांगायचे, अमक्याने दुसरी बायको आणून दुसरं घर केलं, तमक्याने बायकोला माहेरी पोचवली, बिचारी भावाच्या शेतात निंदायला जाते आता. सांगायचे आणि भात कालवायचे. अक्का तेवढ्यात काहीतरी आणायला आत जायची. मी विशीतला पोर, मला वाटायचं, ताक आणायला गेली असेल.

मला पोहायला शिकवलं ते अक्काने. आमचं गाव चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, केळीची बाग होती आणि बागेत मोटेची मोठी विहीर. आमच्याकडच्या मुली लहानपणी भावांबरोबर विहिरीत पोहायच्या आणि ठरावीक वयानंतर एकदम बंद व्हायच्या. अक्का बंद होण्याआधी मासोळीसारखी पोहायची. तिने माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला, कडेवर घेतलं आणि मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावरून खाली टाकून दिलं. मग मागोमाग स्वतः उडी मारली. तिचे नियम कडक होते. एकट्याने उतरायचं नाही, आणि जेवून उतरायचं नाही. मी पाण्याशी गेलो की ती आधी माझ्या पोटावर हात ठेवून दाबून बघायची. "भाकरी बोलतेय आत," म्हणायची आणि कानाला धरून केळीच्या सावलीत बसवायची. एकदा शेजारच्या मळ्यातला एक गडी जेवून लगेच विहिरीत उतरला आणि त्याच्या पोटात असा पीळ पडला की वर आला तो खाटेवरच, प्राण गेलेला. अक्काने मला मुद्दाम नेऊन ती खाट दाखवली होती.

आमच्या कॉलेजात पोहण्याचा तलाव नव्हता. देवरे सर होते. व्यायामाचे शिक्षक, बुटके, गळ्यात कायम शिट्टी, आणि बोलणं असं की सहाणेवर घासलेलं. गावाबाहेर मेहरूणच्या तलावाच्या अंगाला बोरांच्या बागा होत्या, त्यातल्या एका बागेच्या विहिरीत मी दुपारी पोहायला जायचो. तिथे सरांनी मला पाहिलं. काठावर बसून बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "वेग आहे. पण हे पोहणं आहे की घाण्याचा बैल?" त्यांचंही खरं होतं. विहिरीत पोहणारा माणूस गोल फिरतो. भिंतीच्या कडेकडेने, नेहमी एकाच बाजूला वळत. मला सरळ पोहताच येत नव्हतं. सरांनी मला मेहरूणच्या तलावावर नेलं, लांब एक झाड दाखवलं आणि म्हणाले, त्याच्याकडे जा. मी जीव तोडून हात मारले आणि मान वर काढून बघतो तर झाड उजवीकडे कुठल्या कुठे. काठावरून सर ओरडत होते, "डावीकडे कुठे चाललास? सासुरवाडी आहे का तिकडे?" मुलं पोट धरून हसली. पण माणसाने माझ्यामागे मेहनत घेतली. ते वर्षभर मला सरळ करत होते. डोकं पाण्यात ठेवायला लावलं, श्वास एका बाजूला घ्यायला शिकवलं, पायाचा फटका सुधारला. पावसाळा सरून दिवाळी आली तोवर मी त्या झाडाकडे डोळे मिटून जायला लागलो होतो.

एक दिवस सरांनी मला बोलावून सांगितलं की यंदा आमच्या भागातल्या कॉलेजांची निवड धुळ्याला होणार आहे, पहिले दोघे विद्यापीठाच्या संघात जातील. "आणि विद्यापीठाच्या संघातला मुलगा असला, तर पुण्याला व्यायामशिक्षणाच्या कॉलेजात माझ्या चिठ्ठीवर घेतील. ओळख आहे माझी. दोन वर्षं तिथे काढ. कापसाच्या गाठी मोजण्यापेक्षा बरं." माझ्या आयुष्याचं भलं असं सरळ तोंडावर दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. मी तलावावरून घरापर्यंत धावत आलो.

आता अडचण काय होती ते सांगतो. अक्काच्या लग्नातच एक बोली झाली होती. आमची मुलगी तुमच्या घरात, तुमची मुलगी आमच्या घरात. आमच्याकडे याला साटंलोटं म्हणतात. दाजींची धाकटी बहीण कमल तेव्हा परकर सावरत पळणारी पोर होती आणि मला नाक पुसायची अक्कल नव्हती, पण दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सुपारी फोडून टाकली. म्हणायला नातं दुहेरी होतं. खरं तर दोन घरं एकमेकांची मुलगी ओलीस ठेवतात. एकीला दुखवलं की दुसरीला भोगावं लागतं, एकीला माहेरी धाडली की दुसरीलाही त्याच पावली परत पाठवायची. या भीतीने दोघी सुखात राहतील असा सगळा हिशेब. माझं कॉलेज संपलं की बार उडवायचा आणि मला अडतीत बसवायचं, हे दाजींनी केव्हाच ठरवून ठेवलं होतं.

दिवाळीत आबा जळगावला आले तेव्हा मी विषय काढला. निवड झाली तर पुढे शिकायला जाणार, आणि लग्नाचं माझं मी बघेन, असं सरळ सांगून टाकलं. आबांचा चेहराच पडला. "आपली पोर तठे दिन्ही शे, बापू," ते म्हणाले. "बोली मोडता येत नही." मी म्हटलं, बोली तुम्ही केली, मी नाही. आबांनी पायताण घ्यायच्या आत दाजी मध्ये पडले. बडीशेप पुढे केली आणि म्हणाले, "आबा, पोराला कोंडून कसं चालेल? शिकलेली पोरं आहेत. आपण असं करू, धुळ्याला निवड होऊ द्या. झाली तर बापूराव मोकळे, कमलला आम्ही दुसरं स्थळ बघू. नाही झाली तर आखाजीनंतरचा मुहूर्त धरू. काय बापूराव, आहे कबूल?" मी ताडकन हो म्हटलं. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्यतृतीया, अजून लांब होती. मला वाटलं, अर्धी शर्यत इथेच जिंकली. धुळ्याकडच्या पोरांना मी पाहिलं होतं, त्यांच्यात दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी चहाला बसलो होतो. अक्काने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "खरंच जाशील तू?"

"निवड झाली तर जाणारच."

"आणि मी?"

"तुला काय होतंय? दाजींनी शब्द दिलाय ना."

"शब्द तुला दिलाय," अक्का म्हणाली. भाकरी उलटली आणि कडा दाबल्या. मी पुढे विचारलं नाही. त्या वयात समोरच्याचं वाक्य संपलं की आपल्याला बोलणं संपलं असं वाटतं.

निवडीच्या आदल्या दिवशी मी सरांबरोबर जाणार होतो. तिथल्या कॉलेजच्या वसतिगृहात आमची सोय होती. ऐन वेळी दाजी म्हणाले की घर असताना वसतिगृहात कशाला, माई काय म्हणतील. माई म्हणजे दाजींची आई, कमलला घेऊन धुळ्याच्या घरी राहायच्या. मी नको नको म्हणत होतो, पण अक्काही म्हणाली की माईंना वाईट वाटेल. मग दाजी, अक्का आणि मी असे तिघं निघालो. सर चाळीसगावच्या फलाटावर भेटले, तिथे धुळ्याची गाडी बदलायची असते. त्यांना ते मुक्कामाचं मुळीच आवडलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "थंडीमुळे शर्यत दुपारी ठेवलीय. सकाळी दूध आणि दोन केळी, बस. पोळी नाही, भात नाही. पोट रिकामं पाहिजे." मी गाडीत अक्काला तसंच सांगितलं. ती हसली. "मला शिकवतोस? तुला पोहायला कुणी शिकवलं?" म्हणाली. मी निर्धास्त झालो आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून धुळं येईपर्यंत झोपलो.

सकाळी उठलो तर घरात सणासारखी गडबड. मागच्या अंगणात चुलीवर खापर पालथं घातलेलं आणि माई स्वतः मांडे करायला बसलेल्या. ज्यांनी खानदेशातला मांडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही पुरणाची पोळी खरी, पण पोळपाटावर मावत नाही. दोन्ही हातांवर फिरवून फिरवून ती उपरण्याएवढी करतात आणि तापलेल्या खापरावर टाकतात. घडी घालून ताटात आली की सगळं ताट भरतं. वर तूप, बाजूला दूध आणि कटाची झणझणीत आमटी. एक मांडा खाऊन गडीमाणूस आडवा होतो. शेजारपाजारची आठदहा माणसं ओसरीवर येऊन बसली होती, कारण होणारा जावई पहिल्यांदाच घरी आला होता आणि त्याला जेवू घालताना भाऊबंद पंगतीला लागतात. मी दाजींना म्हटलं, मला शर्यत आहे, मी फक्त दूध घेईन. दाजी म्हणाले, "बसा तर खरं. पंगतीचा मान असतो. दोन घास खा आणि उठा."

दोन घास खाऊन आमच्याकडे आजवर कुणी उठलेलं नाही. जावई उठेपर्यंत पंगत उठत नाही, आणि जावई पोट भरल्याशिवाय उठला तर घराची अब्रू जाते. मी कसाबसा अर्धा मांडा चिवडला. तेवढ्यात माई दुसरा घेऊन आल्या. "आखो एक ल्या, जवाईबापू. पहिल्यांदा मना घरमा उनात. बठ्ठं तुमनासाठेच शे." पहिल्यांदाच आलात, सगळं तुमच्यासाठीच केलंय म्हणत त्या वाकल्या, तसा मी ताटावर आडवा हात धरला. समोर बसलेला कुणी मिशीवाला म्हणाला, "जवाई उपाशी उठना तर गाव काय म्हनी?" सगळे हसले. मी हात काढला नाही. माझ्या कपाळाला घाम आला होता, पण मी हात काढला नाही. माई नाराज होऊन मागे सरल्या आणि आतून अक्का आली.

तिला बघून मला किती हायसं वाटलं हे आज लिहितानाही लाज वाटते. वाटलं, आली, आता ही सांभाळून घेईल. अक्का पदर खोचून माझ्यापुढे वाकली. लहानपणी मी भिंतीला चिखल लावायला लागलो की धरायची तसं तिने माझं मनगट धरलं, हात उचलून बाजूला ठेवला आणि मांड्याची घडी ताटात सोडली. वर तुपाची धार धरली. "खा बापू, माझ्या गळ्याची शपथ आहे. काही होत नाही." माझ्या डोळ्यांत ती बघत नव्हती, ताटाकडे बघत होती. स्वयंपाकघराच्या दारातून एक मुलीचा आवाज आला, "वहिनी, त्यांना पाण्यात उतरायचंय ना?" तो कमलचा आवाज होता, मी तो पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. माई तिच्यावर खेकसल्या, "तू आत व्हय." मी मांडा खाल्ला. अक्का वाढतेय म्हणजे चालत असेल, असं मनात म्हटलं आणि खाल्ला. त्यानंतर तिने अजून एक वाढला, तोही खाल्ला. पंगतीने वाहवा केली.

धुळ्याच्या पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत, त्यातून पाट काढून शेतांना पाणी देतात. अशाच एका बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्यात शर्यत होती. मोटेचे नाडे, म्हणजे जाड दोर, काठापासून काठापर्यंत ताणून पट्टे आखले होते. पलीकडे जाऊन परत यायचं. विद्यापीठाचे दोन पाहुणे खुर्च्यांवर, कॉलेजची पोरं झाडांवर, आणि कपडे धुणाऱ्या बायका धुणं तसंच टाकून बघत उभ्या. सरांनी माझ्या दंडाला तेल चोळलं. माझी चड्डी त्या दिवशी पोटाला काचत होती, पण मी ते त्यांना सांगितलं नाही. शिट्टी झाली. पाणी गार होतं, पण उडी चांगली पडली आणि जाताना मी सगळ्यांच्या पुढे होतो, हे मी लिहिलंच पाहिजे. सरळ पोहत होतो. नाड्याला माझा हातसुद्धा लागला नाही. पलीकडचा काठ पायाने रेटला तेव्हा मागचा पोरगा बराच लांब होता, आणि मला सरांचा आवाज ऐकू आला, "आला, आला."

परतीच्या मध्यावर पोटात पीळ पडला. पहिल्यांदा वाटलं, कुणी पाय ओढतंय. मग बरगड्यांखाली अशी कळ आली की हात वर उचलेना. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर आतून दूध, पुरण, आमटी सगळं वर आलं आणि बाहेरचं पाणी आत गेलं. मी बुडालो, वर आलो, परत बुडालो. माझ्याच ओकारीत गटांगळ्या खात होतो. दोन पोरांनी नाड्याला धरून मला काठाला ओढलं आणि पालथं घातलं. झाडावरून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. देवरे सर माझ्याजवळ बसले. वास त्यांना आलाच होता.

"काय खाल्लंस?"

"मांडे."

"कुणी वाढले?"

"बहिणीने."

सरांनी शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचे उपकार मानले असते. ते उठले, गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली आणि दुसऱ्या मुलांकडे गेले. परीक्षा होईपर्यंत कॉलेजात आम्ही रोज समोरासमोर यायचो, पण त्यांनी माझ्याशी पोहण्याचा विषय पुन्हा काढला नाही. दाजी मात्र टॉवेल घेऊन धावत आले. माझे खांदे पुसता पुसता म्हणाले, "जीव वाचला, यातच सगळं आलं. देवाच्या मनात नव्हतं, बापूराव. आबांना आजच कळवतो, आखाजीनंतरचं धरू या." माझे दात वाजत होते.

परतीच्या गाडीत अक्का तोंडाला पदर लावून रडत होती. मी तिची समजूत घातली. होय, मी. "तुझी काय चूक, तू मायेनं वाढलंस," असं मी तिला म्हणालो. ती आणखीनच रडायला लागली.

आखाजीनंतर लग्न झालं. मी अडतीत बसलो आणि कापसाच्या गाठी मोजल्या. कमल सालस होती, फार बोलायची नाही. पहिले काही महिने मी तिच्याशी परक्यासारखा वागलो, कारण ती दाजींची बहीण होती आणि माझ्या पुण्याच्या वाटेवर येऊन बसली होती. मग एकदा तिने आपणहून सांगितलं की त्या दिवशी मांडे वाढू नका म्हटलं म्हणून तिने आत माईंचा मार खाल्ला होता. त्यानंतर मी तिच्याशी माणसासारखा बोलायला लागलो. आज कुणी मला विचारलं तर मी सांगेन की त्या सगळ्या घरात शहाणं माणूस ती एकटी होती.

लग्नानंतर दोन हंगाम गेले. आबा थकले होते म्हणून मी आणि कमल गावी येऊन जाऊन असायचो. अशाच एका सकाळी आमच्या गावच्या घरापुढे बैलगाडी थांबली. गाडीत अक्का आणि तिची ट्रंक. दाजी बरोबर नव्हते. त्यांनी दुसरं घर केलं होतं आणि अक्काला सांगितलं होतं, काही दिवस माहेरी राहून ये. तेही गोडच बोलले असणार. आबा ओसरीवर बसून होते. त्यांनी ट्रंक बघितली आणि त्यांना सगळं समजलं. मग म्हणाले, "मंग कमललेबी धाडी दे आजच. साटं शे." त्यांना त्यात काही वाईट वाटत नव्हतं. रीतच होती ती. कमलला परत पाठवलं की माई दाजींचा जीव खातील, दाजी नमतील, अक्काला घेऊन जातील. सगळ्या पंचक्रोशीत असंच चालत आलं होतं.

कमलने कुणालाच काही विचारलं नाही. आत जाऊन तिने पेटी काढली आणि लुगडी भरायला लागली. तिच्या पोटात आमचा थोरला होता तेव्हा, वाकताना तिला त्रास होत होता. मी तिच्या हातातलं लुगडं काढून घेतलं आणि म्हटलं, "ठेव ते. तू कुठे जात नाहीस."

अक्का दारात उभी होती. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. "माझं घर गेलं तरी चालेल तुला?"

"हिचा काय दोष?"

"आणि माझा होता?" ती म्हणाली. "तुझ्या पोटात पीळ आपोआप पडला असं वाटतं का तुला? मला ठाऊक नव्हतं, भरल्या पोटी पाण्यात उतरलं की काय होतं? यांनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं. म्हणाले, तो निवडला गेला, साटं मोडलं, की तू गेलीस माहेरी. मग मी काय करायला हवं होतं?"

खाटेवरच्या त्या गड्याचं तोंड मला आठवलं. मी म्हटलं, "माईंना मी नाही म्हटलं होतं, अक्का. ताटावर हात धरला होता मी."

"माझ्या हातचं तू टाकणार नाहीस, हे यांना ठाऊक होतं. म्हणून तर मला पाठवलं वाढायला." तिने डोळे पुसले, पण आवाज खाली आला नाही. "तुझं पोहणं मी बुडवलं, बापू. तुझा जीव जाऊ शकला असता हेही कळत होतं मला. घर टिकावं म्हणून केलं. आता निदान ते टिकव. पाठव तिला."

तिने जे केलं त्याचा राग मला तेव्हा आला, आणि अजून येतो. माणूस मेलं की राग जातो असं म्हणतात, मला तसा अनुभव नाही. पण त्या क्षणी माझ्यासमोर दोन बायका उभ्या होत्या आणि एकीला ठेवायचं तर दुसरीला रस्त्यावर काढायची होती, दाजी तिकडे बडीशेप चघळत बसलेले असताना. दाजींनी मांडलेला डाव दोनदा खेळायचा नाही, एवढंच मला कळलं. मी म्हटलं, "नाही पाठवणार. तू इथेच राहा. जन्मभर राहा. पण कमल जाणार नाही."

अक्का खाली बसली. उघड्या पेटीकडे, लुगड्यांकडे, कमलच्या पोटाकडे तिने एकेक करून बघितलं.

"म्हणजे मी तुला बुडवलं," ती म्हणाली, "ते हिला घर मिळावं म्हणून."

कमलने ते ऐकलं. आबांनीही ऐकलं. थोड्या वेळाने अक्का आणि कमल दोघी चुलीकडे गेल्या, कारण सकाळपासून घरात कुणी जेवलं नव्हतं.